कडक वाट

बिश्केक, २ ऑक्टोबर

बेर्मेत,

तुझ्या आजोबांचं नाव न्यायाधीशांसमोर तोंडाने सांगणारं माणूस हवं आहे, म्हणून लिहिते आहे. दुसरं काही कारण नाही. तू माझा फोन घेत नाहीस, तेव्हा कागदच उरतो. हे पाकीट तुझ्या गोदामात काम करणाऱ्या नार्गिझाच्या आईकडे दिलं आहे. ती परवा येकातेरिनबुर्गला येते आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

अपाने, तुझ्या आईने, घर विकायला काढलं आहे. मे महिन्यापासून ती जिना उतरलेली नाही. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि गुडघे तुला माहीत आहेत. कोचकोरला तिच्या बहिणीच्या अंगणात दोन खोल्या रिकाम्या आहेत. दारातून पाऊल टाकलं की जमीन. बर्फ पडायच्या आत तिला तिथे पोचवायचं, हे मी ठरवलं आहे.

गिऱ्हाईक मीच आणलं. या वर्षी घर विकणं म्हणजे काय, ते माझ्या चपलांना विचार. घरवाले भाव आणखी चढेल म्हणून घर धरून बसलेत. ज्यांना घर हवं, त्यांचा पगार भावामागे धावून दमला आहे. जाहिरात पाहून लोक फोन करतात आणि पहिला प्रश्न टाकतात, "मालक की एजंट?" एजंट म्हटलं की फोन बंद. आम्ही सगळ्या चोर, असं शहराने ठरवूनच टाकलंय. त्यातून हे जोडपं मिळालं. बेगायिम प्रसूतिगृहात नर्स आहे. तिचा नवरा इल्गिझ ट्रॉलीबस चालवायचा, आता बस चालवतो. स्वस्त सरकारी घरकर्जाच्या रांगेत कित्येक वर्षं होते. नंबर लागला. पण मंजुरी फक्त १५ नोव्हेंबरपर्यंत. तोवर घर नावावर झालं नाही, तर पुन्हा रांगेच्या शेपटाला.

आणि इथेच घोडं अडलं. तुझ्या वडिलांनी मृत्युपत्रात घर अपाला दिलं, ते नीट आहे. पण घराच्या मूळ कागदावर मालकाच्या वडिलांचं नाव 'बोलोत' आहे.

कसं झालं ते ऐक. कागद झाले त्या वर्षी तुझे वडील डोंगरात रस्त्याच्या कामावर होते. रांगेत अपा उभी राहिली. खिडकीतल्या बाईने विचारलं, नवऱ्याच्या वडिलांचं नाव? सासऱ्याचं नाव सून घेते का? अपा जन्मभर जे म्हणत आली, तेच तिने सांगितलं: बोलोत. पोलाद. खरं नाव ज्या धातूचं आहे, त्याचाच सख्खा भाऊ. आपल्या घरात सगळ्यांना ते कळत होतं. खिडकीतल्या बाईने ऐकलं ते लिहिलं आणि शिक्का मारला. आता कायद्याच्या नजरेत मृत्युपत्र करणारा एक माणूस आणि घराचा मालक भलताच कोणी.

दोघे एकच, असा निकाल कोर्टाकडून हवा. काल तारीख होती. इल्गिझ आणि खालच्या मजल्यावरच्या साबीरने अपाला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. "हळू रे," अपा म्हणत होती, "मी पियानो नाही." इल्गिझ म्हणाला, "पियानो बरा, अपा, तो सूचना देत नाही."

न्यायाधीश तरुण मुलगी आहे. तिने तुझ्या वडिलांच्या पासपोर्टातलं तुझ्या आजोबांचं नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "अपा, हेच तुमचे सासरे?"

"तेच, बाळ."

"मग तुमच्या तोंडून नोंद हवी."

"बोलोत."

"अपा, ते कागदात चुकलेलं आहे."

"चुकलेलं नाही. मी म्हणते ते बोलोत म्हणजे तेच ते."

"तेच ते म्हणजे कोण?"

"आत्ता तू म्हणालीस ना, ते."

कारकून बाहीत तोंड खुपसून हसला. मग न्यायाधीश माझ्याकडे वळली, मोठ्या बहिणीला हाक मारावी तशी. "तुम्ही शिकलेल्या आहात, एजे. तुम्ही सांगा." मी उभी राहिले. म्हटलं, "माझे आजेसासरे आणि कागदावरचे ते, एकच व्यक्ती."

"नाव?"

"पासपोर्टात आहे."

"एजे, तुम्हीसुद्धा?"

अपा माझ्याकडे बघत होती. याहून जास्त त्याबद्दल लिहिणार नाही.

पुढची तारीख १३ नोव्हेंबर. त्यांच्या थेट वंशातला साक्षीदार आणा, म्हणाली, ज्याला हे नाव घ्यायला बंदी नाही. तुझा भाऊ गेल्यापासून त्यांचं थेट रक्त म्हणजे तू एकटी.

तुझी वहिनी, उल्कान जेंगे

१५ ऑक्टोबर

बेर्मेत,

पाकीट तुला मिळालं, हे नार्गिझाच्या आईने कळवलं. उत्तर नाही, हेही तिनेच कळवलं.

मी रडगाणं गात नाही, काय चाललंय तेवढं सांगते. परवा इल्गिझ एकटाच माझ्याकडे आला, टोपी हातात धरून. दुसऱ्या एका एजंटाने त्याला गाठलं होतं. म्हातारीचं घर कोर्टात अडकलंय, सोडा, नव्या इमारतीत घेऊन टाका, मंजुरी फुकट जाणार नाही. रंगीत कागदही दिला होता. त्यावर कारंजं, झाडं, सायकलवर मूल.

"चल, बघू या," मी म्हटलं.

गेलो. कारंज्याच्या जागी डबकं होतं. क्रेनवर कावळे बसले होते. पहारेकरी म्हणाला, वसंतापासून एक वीट चढलेली नाही. इल्गिझने कागदाकडे पाहिलं, डबक्याकडे पाहिलं. "पाणी तर दिलंय, एजे," तो म्हणाला. "आता झाडं आणि मूल तेवढं आपलं आपण आणायचं." हसला, पण टोपी पिळत होता. मुदत गेली तर बेगायिम पुन्हा रांगेत उभी राहणार नाही, म्हणाला. तिचं वय जाईल. राहत्या खोलीच्या मालकाने त्यांना खोली सोडायला पुढच्या महिन्याची अखेर सांगितली आहे.

मी त्याला म्हटलं, घर तुम्हालाच मिळेल. शब्द दिला आहे. मी दिलेला शब्द कसा असतो, तुला माहीत आहे. तुझ्या लग्नाच्या वेळी तू त्याला हट्ट म्हणायचीस.

बेगायिम तर ड्यूटी संपली की अपाकडेच येते. पाय चोळून देते. अपा तिला बोरसोक तळून घालते आणि त्याच तोंडाने टोचते. "पडदे तेवढे बदल हं, माझी आवड तुझ्या गळ्यात नको." बेगायिम म्हणते, "पडदे राहू देत, अपा. तुम्ही गेल्यावर इथे तुमचं काहीतरी नको का?" म्हातारीने आणखी दोन बोरसोक तिच्या ताटलीत टाकले. तिला पुरून उरणारं माणूस मी फार दिवसांनी पाहिलं.

तुला येता येणार नसेल तर वकिलातीत जाऊन लेखी साक्ष दे. पण न्यायाधीश म्हणाली, समोर आलेलं बरं. प्रश्न सवयीचा आहे, आणि सवय कागदावर पटत नाही.

उल्कान

२८ ऑक्टोबर

बेर्मेत,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोन ओळी. "जेंगे, तुम्हा सगळ्यांच्या जिभा एवढ्या नाजूक असतील तर न्यायाधीशाला सांगा. मला का? एक दिवस थांबायला तर जमलं नव्हतं तुम्हाला."

ठीक. विषय तू काढलास, म्हणून बोलते.

जुलै होता. अंगणात तंबू उभा होता, तुझ्या वडिलांचं शव आत होतं, आणि उन्हाने डांबर चपलेला चिकटत होतं. दफन कधी करायचं हे घराण्यातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. मी सून. मी चहाच्या समोवारापाशी होते. मला कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं. तू आलीस तेव्हा माणसं कबरस्तानातून परतून हात धूत होती. तू तंबूच्या दारात उभी राहिलीस, आत गेली नाहीस, सातव्याच्या जेवणालाही थांबली नाहीस. मी त्याबद्दल माफी मागत नाही आणि तूही मागू नकोस. पण एक गोष्ट तुला माहीत नाही ती सांगते. अपाने त्या दिवशी दोनदा विचारलं होतं, "ती कुठवर आली?" दोन्ही वेळा तिला गप्प बसवलं गेलं. मी नाही. पण मी ऐकलं.

आता तुझा प्रश्न: मला का?

कारण तुझ्या आईने त्या एका नावापायी अख्खा धातूच भाषेतून काढून टाकला, आणि त्या भाषेत तू बोलायला शिकलीस. इस्त्री तिच्या तोंडी 'कडक तापती'. बाल्कनीतला पलंग 'कडक खाट'. आगगाडीचे रूळ, आगगाडी, स्टेशन, सगळं मिळून 'कडक वाट'. तुला आठवत असेल, पहिलीत, बिश्केक अजून फ्रुंझे होतं तेव्हा, बाईंनी विचारलं होतं, फ्रुंझेहून मॉस्कोला कसं जातात? तू छाती काढून सांगितलंस, "कडक वाटेने." वर्ग लोळून हसला. तू घरी येऊन आईशी भांडलीस की तू मला खोटे शब्द शिकवतेस. अपा म्हणाली होती, "खोटे नाहीत ते. झाकलेले आहेत."

हे न्यायाधीशाला कोण सांगणार? मी त्या घरात आले तेव्हा मला बाहेरून आलेली म्हणून सगळं शिकवलं गेलं. तुला ते दुधाबरोबर मिळालं. ही साक्ष तुझी आहे.

तू पहिल्यांदा गेलीस, ती रेल्वेने. अजून कोणी विचारलं की बेर्मेत कुठे आहे, अपा शहराचं नाव सांगत नाही. म्हणते, "ती कडक वाटेने गेली." विमानं आली तरी म्हणते.

मी तुला ये म्हणत नाही. १३ तारखेला दुपारी दोन वाजता तिथे माणूस हवं आहे, एवढंच म्हणते.

उल्कान

८ नोव्हेंबर

बेर्मेत,

तू येणार असं नार्गिझा म्हणते. तू मला कळवलेलं नाहीस. ठीक.

तुझा जन्मदाखला आण, त्यावर वडिलांचं पूर्ण नाव हवं. लग्नात आडनाव बदललं त्याचाही कागद. जाड तळाचे बूट घाल. इकडे धुकं सुरू झालंय, सकाळची विमानं रोज खोळंबतात, म्हणून आदल्या दिवशीचं तिकीट घे असं सांगितलं असतं. पण तू कधी आदल्या दिवशी निघाली आहेस?

बँकेच्या बाईशी बोलले. त्या दिवशीचा निकाल हातात दिला तर मुदतीत धरू, म्हणाली. एक दिवस मागे-पुढे नाही.

अपाला तू येणार हे मी सांगितलेलं नाही. तरी तिने आज लोकरीचं जुनं पांघरूण उन्हात टाकायला लावलं. कोणासाठी, विचारलं तर म्हणाली, "कसर लागेल."

उल्कान

२१ नोव्हेंबर

बेर्मेत,

तू दोन रात्री राहिलीस, अपाच्या शेजारी झोपलीस, माझ्याशी तोलून-मापून बोललीस आणि गेलीस. चालेल. पण कोर्टाच्या दारातून तू आत आलीस त्याच्या आधी काय झालं, ते तुला कोणी सांगितलेलं नाही. अपा सांगणार नाही. म्हणून हे शेवटचं पत्र.

दोन वाजता आमचं नाव पुकारलं. तू नव्हतीस. धुक्यामुळे तुझं विमान अल्मातीला उतरवलं आणि तुम्हाला बसने कोर्दाईच्या सीमेवरून आणताहेत, एवढं नार्गिझाकडून कळलं होतं. न्यायाधीशाने आमचं प्रकरण मागे टाकलं. तीन वाजले, चार वाजले. बेगायिम रात्रपाळी करून आली होती, भिंतीला डोकं टेकून जागी राहत होती. इल्गिझ सारखा बाहेर जाऊन रस्ता बघून येत होता, जणू त्याच्या बघण्याने बस वेगाने धावणार होती.

शेवटी न्यायाधीश म्हणाली, "आता तुमच्या नंतरचं कोणी उरलं नाही. सुरू करू या. पाचला मी फाइल बंद करते. साक्षीदार येते आहे हे कशावरून?"

"माझी मुलगी माझ्यावर चिडलेली आहे," अपा खुर्चीतूनच म्हणाली. "चिडून निघाली की ती पोचतेच. तिच्या बापाचंही तसंच."

"बरं. तोवर तुम्ही सांगा, अपा. थोडक्यात."

थोडक्यात! बेर्मेत, तुझी आई बोलायला लागली. सासरी आली त्या दिवसापासून सुरुवात. कोणत्या नणंदेने कोणता शब्द झाकायला शिकवला, कडक तापती, कडक खाट, कडक वाट, पहिलीतली तू, वर्गाचं हसणं, सगळं. एकदा दुकानात खिळे मागायला गेली आणि "टोकदार कडक द्या" म्हणाली, तर दुकानदाराने सुका मेवा पुढे केला. कारकुनाने लिहिणं थांबवलं. न्यायाधीश दोनदा म्हणाली, "मुद्द्यावर या, अपा." अपा म्हणाली, "मुद्द्याभोवतीच फिरते आहे, बाळ. मुद्द्यावर पाय देता येत नाही, हेच तर सांगते आहे."

मग ती मुलगी लेखणी खाली ठेवून म्हणाली, "माझी आजी दगडाला जन्मभर 'जड' म्हणायची. तिच्या दिराचं नाव होतं." तिने लेखणी पुन्हा उचलली. मग म्हणाली, "मला पटलंय. पण नोंदीत नाव लागतं. माझ्या पटण्यावर निकाल देता येत नाही."

पाच वाजत आले. मी उठले.

मी ठरवूनच गेले होते: तू नाही आलीस तर मी म्हणणार. मी पॉलिटेक्निकची पदवी घेतलेली बाई आहे, दोन कुटुंबांचा हिवाळा माझ्या शब्दावर उभा होता, आणि ते फक्त तीन अक्षरी नाव आहे. तोंड उघडलंही होतं. बेगायिम माझ्याकडे बघत होती.

अपाने माझी बाही धरली.

"बस," ती म्हणाली.

"अपा, वेळ संपली."

"बस म्हणते ना. तेव्हा थांबलो नाही. आता थांबू."

ती हे हळू म्हणाली नाही. सगळ्यांनी ऐकलं. न्यायाधीशाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग फाइल बंद करण्याऐवजी कारकुनाला म्हणाली, "माझा चहा गार झालाय. दुसरा आण. आणि सावकाश आण."

पहिल्यांदाच, बेर्मेत, मला काही करायचं उरलं नव्हतं. मी बसले.

चहा यायच्या आधी तू आलीस. बुटांना घोट्यापर्यंत चिखल, पातळ तळाचेच बूट. तू नाव घेतलंस, स्पष्ट, एकदाच. अपाने त्याआधी शाल दोन्ही कानांवर ओढून घेतली होती, तू पाहिलंसच. तू बाहेर तिच्याशी काय बोललीस ते मला माहीत नाही, मी निकालाच्या प्रतीसाठी खिडकीपाशी होते. परतताना तू पुढे सामान घेऊन गेलीस आणि इल्गिझ-साबीर अपाला खुर्चीतून वर नेत होते, तेव्हा मी विचारलं, "अपा, ऐकलंत का?"

"कान झाकले होते मी," ती म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर म्हणाली, "आवाज अगदी तिच्या बापाचा."

चौदा तारखेला बँकेचं झालं. काल अपाला कोचकोरला सोडून आले. तिने दारातून पाऊल टाकलं आणि जमिनीवर उभी राहिली, काठी न टेकता. फार वेळ नाही. पण राहिली. पुढच्या वेळी तुला तिथेच जावं लागेल. रेल्वे तिकडे जात नाही, पण तू काही तरी शोधशील.

आज सकाळी घराचा ताबा दिला. इल्गिझ म्हणाला, "एजे, छापील फॉर्म असतो ना? नुसती सही करा." मी म्हटलं, "हातानेच लिहिते." पावतीची नक्कल तुझ्यासाठी उतरवते. घर तुझंही होतं. यात काही झाकलेलं नाही.

ताबा पावती. बिश्केक, २१ नोव्हेंबर. चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर रिकामं करून दिलं. दाराच्या किल्ल्या दोन. तळघराची एक, ती अडकते, वर उचलून फिरवायची. टपालपेटीची छोटी किल्ली. वीज आणि पाण्याचे आकडे दोघांसमोर वाचून घेतले. स्वयंपाकघरातलं टेबल आणि सगळे पडदे, घेणाऱ्यांच्या इच्छेवरून, जागच्या जागी. बाल्कनीतला लोखंडी पलंग एक. देणार: सायाकान, तिच्या वतीने सून उल्कान. घेणार: बेगायिम आणि इल्गिझ. घराचा मूळ मालक: जोल्दोश, तेमिरचा मुलगा.